आपल्या गल्लीत कुठला आजार फिरतोय हे कसं ओळखायचं

पेपरात अख्ख्या शहराचा आकडा येतो पण त्यावरून आपल्या गल्लीचं काही कळत नाही. 2020 च्या जुलैत मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्त तपासून कोरोनाचा सर्व्हे झाला, तेव्हा झोपडपट्टीत साधारण 57 टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली आणि त्याच वॉर्डांतल्या बाकी वस्तीत 16 टक्के. एका संडासाला डझनावारी घरं, दहा बाय दहात सहा जण, अंतर ठेवणार कुठे?

तर एक वही घ्या आणि चक्कर मारा.

आधी पाणी. नळ आला की पहिली बादली बघा, गढूळ असेल नाहीतर वास मारत असेल तर पाइप कुठेतरी गटारालगत लीक असू शकतो, कारण सप्लाय बंद असताना बाहेरची घाण आत ओढली जाते आणि वर कोणी डायरेक्ट लाइनला मोटर लावली असेल तर बघायलाच नको. जुलाब कोणाला झाले ते लिहिताना शेजार बघू नका, पाण्याची लाइन कुठली ते लिहा. आमच्याकडे जुलाबाची साथ आली तेव्हा दोनच घरं सुटली होती, ती मागच्या लाइनवर, आणि आम्ही आठवडाभर पाणीपुरीवाल्याला शिव्या घालत बसलो. 2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यातच जास्त निघाले, तिथेही संशय पाण्यावरच गेला. ओटी टेस्टचे (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायचं औषध) थेंब टाकून पाणी पिवळं झालं नाही म्हणजे क्लोरीन नाही, वॉर्ड ऑफिसला कळवा आणि तोवर उकळून प्या.

डेंग्यूला मात्र टॉवरवाले पण चालतात. फ्रिजच्या मागचा ट्रे काढा, मोबाइलचा टॉर्च मारा, वळवळणारे काळे धागे दिसले की अळ्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात, घासायलाच लागतं, दर आठवड्याला. शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथलं साचलेलं पाणीही बघा.

पाणी तुंबणाऱ्या भागात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा ताप, त्या पाण्यातून चालून आलात तर 72 तासांच्या आत डॉक्टरला विचारा.

टीबीसाठी खिडकी बघा. गोवंडीच्या पुनर्वसन कॉलन्यांत बिल्डिंगा इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊनवारा पोचतच नाही आणि टीबीही तिथेच जास्त. भर दुपारी ट्यूब न लावता पेपर वाचता येत नसेल तर ते घर वहीत लिहा, आणि तिथे कोणाचा खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासायला पाठवा, सरकारी दवाखान्यात फुकट होते.