उसाच्या फडातला रोगट पट्टा आधी मोबाईलवर बघा

ऊस डोक्याच्या वर गेला की मधल्या सऱ्यांत काय चाललंय ते बांधावरून दिसत नाही, आणि पाती अंगावर घेत अख्खा फड तुडवायचा म्हणजे जिवावर येतं. उपग्रहाचा फोटो फुकट मिळतो.

१. ‘कोपर्निकस ब्राउझर’ (उपग्रहाचे फोटो दाखवणारी युरोपची वेबसाइट) उघडून आपलं शिवार शोधा.
२. ‘सेंटिनेल-२’ या उपग्रहाचा बिनढगाचा फोटो निवडा (दर ५ दिवसांनी नवा येतो).
३. ‘एनडीव्हीआय’ (पिकाचा हिरवेपणा रंगात दाखवणारा पर्याय) लावा. गडद हिरवं म्हणजे जोमदार पीक.
४. महिन्यापूर्वीच्या फोटोशी ताडून बघा. तेव्हा गडद आणि आता फिकट, अशाच जागी आत शिरा.

फोटोतला एक चौकोन १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. त्यामुळे दोन-चार बेटांवरचा काणी रोग यात सापडणार नाही. आपल्या कोल्हापुरात पावसाळाभर ढगच ढग. खरा उपयोग दिवाळीच्या आसपास सुरू होतो.

फिकट दिसलं की लगेच पंप पाठीवर घेऊ नका. हुमणी (मुळं खाणारी अळी), तुंबलेलं पाणी, शिरोळकडची क्षारपड जमीन, सगळं तसंच दिसतं. पान उलटून बोट फिरवा. तांबूस पूड लागली तर तांबेरा रोग.