लाटेकमध्ये फॉन्ट बदलताय? या चुका टाळा

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिलेला प्रबंध टाइम्स फॉन्टमध्येच हवा, असा विभागाचा आग्रह असतो. मग आपण कुणाच्या तरी जुन्या फाइलमधून 'टाइम्स' पॅकेजची (लाटेकला जादा सोय देणाऱ्या फाइलची) ओळ उचलतो, पीडीएफ काढतो आणि सुटकेचा श्वास सोडतो. माझंही हेच झालं होतं. पान जरा मोठं करून बघितलं, तर मजकूर टाइम्समध्ये आणि समीकरणं मात्र डोनाल्ड क्नुथ यांच्या कंप्युटर मॉडर्न या लाटेकच्या मूळ फॉन्टमध्येच! हे पॅकेज गणिताच्या फॉन्टला हातच लावत नाही. कंप्युटर मॉडर्नच्या रेषा बारीक, त्यामुळे टाइम्सशेजारी समीकरण आजारी माणसासारखं फिकं दिसतं. सगळ्यात खटकतात ते आकडे. 9.8 एकदा वाक्यात लिहा आणि एकदा डॉलरच्या चिन्हांमध्ये, म्हणजे लाटेकमध्ये गणित लिहितात तसं. एकाच ओळीत दोन घराण्यांचे 9 दिसतील.

टाइम्सच हवा असेल तर 'न्यूटीएक्सटेक्स्ट' (मजकुरासाठी) आणि 'न्यूटीएक्समॅथ' (गणितासाठी) ही पॅकेजची जोडी घ्या. 'मॅथपीटीएमएक्स'ही चालतं, पण त्यात खरी ठळक गणिती अक्षरं नाहीत. सदिश ठळक छापणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. न्यूटीएक्समॅथनंतर 'एएमएसएसवायएमबी' हे जादा गणिती चिन्हांचं पॅकेज घातलंत, तर एक चिन्ह आधीच ठरलेलं आहे अशी एरर येते. घाबरू नका, ती ओळ काढून टाका. ती सगळी चिन्हं न्यूटीएक्समॅथमध्ये आहेतच.

टाइम्सच्या तिरप्या वळणात वेगाचा व्ही आणि वारंवारतेचा ग्रीक न्यू जुळी भावंडं वाटतात. डॉप्लर परिणामाच्या सूत्रात दोघं शेजारी आले की परीक्षकही गोंधळतो. न्यूटीएक्समॅथला 'व्हारव्हीडब्ल्यू' हा पर्याय दिला की व्हीचं वळण बदलतं.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण वेगळीच. झीलाटेकमध्ये (संगणकावरचे नेहमीचे फॉन्ट वापरू देणाऱ्या लाटेकच्या प्रकारात) मुक्ता किंवा नोटो हे देवनागरी फॉन्ट लावून आपण थेट डॉलरांच्या आत 'वेग' लिहितो, आणि पीडीएफमध्ये तिथे नुसती रिकामी जागा! गणिताच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. एरर येत नाही, म्हणून चूक छापखान्यापर्यंत पोचते. शब्द 'टेक्स्ट' कमांडमध्ये गुंडाळा. शिवाय फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी असल्याचं सांगायला विसरलात, तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी बसते.

पीडीएफ पाठवण्याआधी लॉग फाइलमध्ये (पीडीएफ बनवताना लाटेक जी नोंदवही लिहितो तिच्यात) 'मिसिंग कॅरेक्टर' हे शब्द शोधा. गळलेलं प्रत्येक अक्षर तिथे नोंदलेलं असतं.