जीवशास्त्र न घेता बी.ए.ला आलात? जैविक मानसशास्त्र असं शिका

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेली मुलं सगळ्यात जास्त धसका घेतात तो जैविक मानसशास्त्राचा, म्हणजे मेंदू, मज्जासंस्था आणि वागणं यांचा संबंध सांगणाऱ्या विषयाचा. बारावी आर्ट्समधून झालेली असते, जीवशास्त्र दहावीलाच सुटलेलं असतं, आणि अचानक समोर सोडियम, पोटॅशियम, थॅलॅमस येतात. मी देवगडला राहते. मानसशास्त्रात एम.ए. केलं आहे. इथल्या, जामसंड्याच्या, मिठबावच्या मुलांना रविवारी आणि सुट्टीत आमच्या पडवीत हा विषय शिकवते. "ताई, एवढं सगळं पाठ कसं करायचं?" हा प्रश्न दरवर्षी येतो. माझं सांगणं एकच: पुस्तकातल्या प्रत्येक विधानाला विचारा, "हे कळलं कसं?" त्याचं उत्तर मिळालं की ते विधान डोक्यात राहतं, वेगळं पाठ करावं लागत नाही.

त्यासाठी दोनशे पानी वही घ्या आणि चार रकाने आखा: नाव, कुठे आहे, काय करतं, कसं कळलं. चौथा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाचं उदाहरण घेऊ. 'नव्या आठवणी साठवण्यासाठी आवश्यक' एवढं लिहून पुढे गेलात तर आठवड्यात विसराल. चौथ्या रकान्यात लिहा: 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग, आजूबाजूच्या काही भागासह, काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर भेटलेलं माणूस थोड्या वेळाने त्याला अनोळखी वाटू लागलं. तरीही मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी केलंय हे मात्र त्याला आठवेना. म्हणजे हाताची सवय आणि घटनेची आठवण मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी साठवली जाते. हा प्रयोग घरी करा. कागदावर दुहेरी रेषेची चांदणी काढा, हात पुठ्ठ्याआड लपवा, समोर आरसा ठेवा आणि फक्त आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवा. रोज किती वेळा रेषेबाहेर गेलात ते मोजा. परीक्षेत मोलेसन आला की तुमचाच हात तुम्हाला उत्तर सांगेल.

सुरुवातीला इंग्रजी जाडजूड पुस्तक उघडू नका. बालभारतीचं नववीचं विज्ञान काढा, त्यात नियंत्रण आणि समन्वय मराठीत आहे. मग बारावीच्या जीवशास्त्रातलं त्याच विषयाचं प्रकरण वाचा. दोन्ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. संज्ञा इंग्रजी उच्चारानेच ठेवा, स्पष्टीकरण मराठीत लिहा. पुढे एम.ए.ला किंवा नेट-सेटला तीच नावं लागतात.

आता खरा कठीण भाग, न्यूरॉनमधली, म्हणजे मज्जापेशीतली वीज. इथे घाई करू नका, कारण पुढची औषधं, विषं, संवेदना, सगळं याच्यावर उभं आहे. आनंदवाडी बंदरावर सकाळी जा आणि ताजी म्हाकुलं (स्क्विड) घेऊन या. साफ करताना उभी चिरा आणि आतली बाजू वर करा. डोक्याच्या अंगाला, दोन्ही बाजूंना, जिथून मज्जातंतूंचे किरण पसरलेत अशी एकेक लहानशी गाठ दिसेल. तिथून निघणाऱ्या तंतूंमध्ये एक फार जाड असतो. ब्रिटनमध्ये प्लिमथला हॉजकिन आणि हक्सली यांनी ज्या म्हाकुलावर काम केलं, त्याचा हा तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड होता. माणसाचे जाडातले जाड तंतू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे. म्हणूनच 1939 मध्ये त्यांना त्या तंतूच्या आत बारीक इलेक्ट्रोड सरकवून विद्युतदाब मोजता आला. 1952 मध्ये त्यांनी संपूर्ण गणित मांडलं, 1963 मध्ये नोबेल मिळालं.

मोजमाप असं: शांत असताना पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण -70 मिलिव्होल्ट. सोडियम बाहेर जास्त, पोटॅशियम आत जास्त. उद्दीपन मिळून दाब -55च्या आसपास आला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, दाब +30 पर्यंत चढतो. लगेच ती दारं बंद होतात, पोटॅशियम बाहेर जातो आणि दाब खाली उतरतो. हे सगळं एक-दोन मिलिसेकंदांत. सोडियममुळेच दाब चढतो हे कळलं कसं? 1949 मध्ये हॉजकिन आणि कॅट्झ यांनी तंतूभोवतीच्या समुद्राच्या पाण्यातला सोडियम कमी केला, आणि दाबाच्या चढउताराचा जो वक्र आलेखावर येतो त्याची उंची कमी झाली. एवढा सरळ पुरावा आहे.

हा वक्र कोऱ्या कागदावर न बघता काढता आला पाहिजे. आला की त्याच कागदावर आणखी दोन वक्र काढा, एक केंड माशाचा आणि एक विंचवाचा.

केंड जाळ्यात आला की फुगतो आणि आपले मच्छीमार तो फेकून देतात. या कुळातल्या अनेक जातींत टेट्रोडोटॉक्सिन असतं. ते सोडियमच्या दारात बूच बसल्यासारखं बसतं. वक्र चढतच नाही, -70च्या जवळ सपाट रेघ राहते. माणसाचे ओठ, जीभ बधिर होतात, मग स्नायू लुळे पडतात, श्वास थांबू शकतो. लाल विंचवाचं विष नेमकं उलटं करतं. दार उघडतं, पण वेळेवर बंद होत नाही. वक्र चढतो आणि रेंगाळतो, तंतू पुन्हा पुन्हा संदेश पाठवत राहतात. त्यातून शरीरात ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिनचा पूर येतो: दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, हृदयावर ताण, फुप्फुसात पाणी. कोकणात विंचवाने माणसं मरत होती ती यामुळे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी या रुग्णांवर प्राझोसिन हे औषध वापरलं आणि ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन नॉरॲड्रिनॅलिनचे अल्फा-1 रिसेप्टर, म्हणजे ते रसायन जिथे जाऊन बसतं त्या जागा, अडवतं, त्यामुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. सिंपथेटिक मज्जासंस्था (संकटात शरीराला सज्ज करणारी), न्यूरोट्रान्समीटर (मज्जापेशी सोडते ते संदेशाचं रसायन), रिसेप्टर आणि त्याला अडवणारं औषध, चारही कल्पना या एका उदाहरणात आहेत. मला कोकणातल्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगला धडा माहीत नाही, आणि तो आपल्याच मातीत घडलेला आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

सिनॅप्ससाठी, म्हणजे एक मज्जापेशी पुढच्या पेशीला संदेश देते त्या सांध्यासाठी, हापूसच्या बागेत जा. आधी ऑटो लोवींचा 1921चा प्रयोग वहीत उतरवा. बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) उद्दीपित केली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तेही मंदावलं. म्हणजे नसेने काहीतरी रसायन सोडलं होतं. ते ॲसिटिलकोलीन. काम झालं की त्याला तोडणारं एक एन्झाइम असतं. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी फवारली जाणारी काही औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली असतात आणि ती हेच एन्झाइम बंद पाडतात. ॲसिटिलकोलीन साचत जातं: लाळ, डोळ्यांतून पाणी, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंद नाडी, थरथरणारे स्नायू. नाडी मंद का, हे लोवींच्या बेडकाने सांगितलेलंच आहे. बागायतदाराकडून अशा औषधाचं माहितीपत्रक मागून घ्या, बाटलीला हात लावू नका. त्यात उतारा म्हणून ॲट्रोपिन लिहिलेलं दिसेल. ॲट्रोपिन ॲसिटिलकोलीनच्या एका प्रकारच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. कुंपणालगत उगवणाऱ्या धोतऱ्यातही ते असतं, म्हणून धोतरा पोटात गेलेल्या माणसाची लक्षणं अगदी उलटी: कोरडं तोंड, मोठ्या झालेल्या बाहुल्या, जोरात धावणारी नाडी, भ्रम. दोन्हींचा तक्ता समोरासमोर काढा. आणि खरोखर कुणाला विषबाधा झाली तर तक्ता बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

मेंदूची रचना चित्रांवरून येत नाही, ती हातात घ्यावी लागते. खाटकाकडून बोकडाचा भेजा आणा, अख्खा मागा. तासभर बर्फात ठेवला की घट्ट होतो. धारदार सुरीने मधोमध उभा कापा. दोन गोलार्धांना जोडणारा पांढरा पट्टा म्हणजे कॉर्पस कॅलोसम, मागे पानाच्या शिरांसारखी नक्षी दिसते ते सेरेबेलम, खाली लंबमज्जा. पुढच्या टोकाचे गंधाचे कंद बोकडात चांगले मोठे असतात, माणसात त्या मानाने लहान. प्रत्येक भागाशी टाचणी टोचून चिठ्ठी लावा, फोटो काढा. घरात मांसाहार चालत नसेल तर गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, उरलेली शाडूची माती आणा आणि मेंदू घडवा. थॅलॅमस कशाच्या आत बसतो हे मातीत करून पाहिलेलं मूल सहसा विसरत नाही, त्यामुळे मी तर हे शाकाहारी नसलेल्यांनाही करायला लावते.

हार्मोन्सचं प्रकरण तक्ता करून संपवा, त्यात अडकून पडू नका.

फिनिअस गेजची गोष्ट मात्र नीट वाचा. 1848 मध्ये सुरुंग ठासताना सहा किलोची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर गेली, तो जगला आणि त्याचा स्वभाव बदलला. बहुतेक नोट्स इथेच थांबतात. पण पुढे त्याने चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम केलं, आणि कायमचा बेताल झालेल्या माणसाला ते जमलं नसतं. एका रुग्णावरून किती निष्कर्ष काढायचा, हा प्रश्न उत्तरात लिहिलात तर परीक्षकाला कळेल की तुम्ही विचार केला आहे.

झोपेवर छोटा प्रकल्प करा, सामग्री बंदरावर आहे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. होडी भरती-ओहोटी बघून निघते, शरीराचं घड्याळ मात्र उजेडावर चालतं. हे घड्याळ मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियसमध्ये आहे. कसं कळलं? 1990 मध्ये ज्यांचा दिवस जन्मतःच सुमारे वीस तासांचा होता अशा हॅमस्टरांमधला हा भाग दुसऱ्या हॅमस्टरांमध्ये बसवला, आणि त्यांचाही दिवस तेवढाच झाला. ओळखीच्या खलाशांना, त्यांची परवानगी घेऊन, पंधरा दिवस झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा विचारा आणि आलेख काढा. नावं लिहू नका.

एक गोष्ट अभ्यासक्रमात नसली तरी शिका. आपल्याकडे अजून फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवतात. फिट म्हणजे मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी अनियंत्रित संदेश पाठवू लागणं, वासाने ती थांबत नाही. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108ला फोन करा. गावात हे सांगणारं माणूस तुम्ही व्हा, ही माझी मनापासून इच्छा आहे.

परीक्षेसाठी एवढंच: आकृती आधी काढा, उत्तर तिच्याभोवती लिहा. रोज रात्री वहीचे पहिले तीन रकाने झाका आणि फक्त 'कसं कळलं' वाचून बाकीचं कागदावर उतरवा. जे येणार नाही त्याच्यावर पेन्सिलीने खूण करा, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करा. आकृतीत अक्षांवर एककं लिहा, उभ्या अक्षावर मिलिव्होल्ट, आडव्यावर मिलिसेकंद.