घरात कॅन्सर आला आणि हातात पैसा नाही, तेव्हा काय करावं

आत्याच्या गालाच्या आतल्या बाजूला जखम झाली होती. चाळीस वर्षं मिश्री लावत आलेली बाई, तोंड येणं तिला नवीन नव्हतं. तालुक्याच्या गावी दीड महिना गोळ्या आणि मलम चाललं. पुढे तोंड उघडेना, घास जाईना, तेव्हा कुठे तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या रात्री आमच्या घरात एकच बोलणं चाललं होतं: जमिनीचा कुठला तुकडा विकायचा, विहिरीकडचा की रस्त्याकडचा. रेशनकार्ड कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही.

त्याची किंमत आम्ही चाळीस हजार रुपये मोजली. पहिल्या दवाखान्यात काउंटरवर डिपॉझिट मागितलं, आम्ही भरलं. तीन दिवसांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून कळलं की सरकारची मोफत उपचाराची महात्मा फुले योजना तिथंच लागू आहे. ही योजना कॅशलेस आहे. मंजुरी उपचाराच्या आधी घ्यायची असते, आपण भरून टाकलेले पैसे त्यातून परत मिळत नाहीत. म्हणून माझं सगळं सांगणं एका क्रमाभोवती आहे: आधी कागद, मग पैसे, आणि जमीन अगदी शेवटी.

१. पहिले दोन दिवस फाइलीला द्या

श्वास अडकत असेल, रक्त थांबत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवून जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. एरवी रिपोर्ट आल्यावर कागद जमवण्यात दोन दिवस गेले तर आजार हाताबाहेर जात नाही.

फाइलीत बायोप्सीचा, म्हणजे तुकडा तपासल्याचा, रिपोर्ट हवा, आणि ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथून काचेच्या स्लाइड व मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात तो तुकडा पुन्हा तपासतात. ब्लॉक गावी राहिला की एक फेरी वाया जाते. स्कॅनच्या नुसत्या फिल्म नकोत, सीडीही घ्या. याशिवाय आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, चार-सहा फोटो.

आता नावं जुळवून बघा. आत्याच्या रेशनकार्डावर नावापुढे ‘बाई’ होतं, आधारवर नव्हतं. एवढ्या दोन अक्षरांनी आमचा एक अख्खा दिवस खाल्ला. कार्डावर रुग्णाचं नावच नसेल किंवा ते ऑनलाइन दिसत नसेल, तर दवाखान्यात जाण्याआधी तहसीलच्या पुरवठा शाखेत एकानं जाऊन यावं. सगळ्याचे फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका.

२. कामं वाटून घ्या

एकानं पळायचं, एकानं रुग्णाजवळ बसायचं, एकानं वहीत हिशोब लिहायचा. तिन्ही कामं एकाच्याच गळ्यात पडली की महिन्याभरात तो माणूस आजारी पडतो. बहुतेक घरांत हा ‘एक’ म्हणजे घरातली सून असते, हेही आधीच ओळखून ठेवा. नातेवाईक फोनवर म्हणतात, ‘काही लागलं तर सांगा.’ तेव्हा लगेच सांगा: तुम्ही गुरुवारी रात्री थांबा, तुम्ही धाकट्याची शाळेची फी भरा, तुम्ही म्हशीचं बघा. काम नेमकं सांगितलं की माणसं खरंच येतात.

३. दवाखाना निवडताना सहा आठवडे डोळ्यांसमोर ठेवा

कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे परळचं टाटा आठवतं. १९४१ पासून ते लोकांचा आधार आहे. तिथं प्रायव्हेटऐवजी जनरलमध्ये, म्हणजे कमी खर्चाच्या विभागात, फाइल काढा. जनरल म्हणजे दुय्यम उपचार, असं तिथं नाही, डॉक्टर तेच असतात. पण तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर बहुधा लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यावी लागते. कुणी तिला शेक म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे. प्रत्येक दिवशीचं काम काही मिनिटांचं, पण मुक्काम सहा आठवड्यांचा. उपचार फुकट झाला तरी दोन माणसांचं राहणं-खाणं कंबरडं मोडतं.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ऑपरेशन इथं करून लाईट घराजवळ घेता येईल का? बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं तुकडोजी रुग्णालय, मिरज, कोल्हापूर इथं कॅन्सरवर उपचार होतात. आमच्या आत्याचं ऑपरेशन मुंबईत झालं आणि लाईट बार्शीला. रोज संध्याकाळी ती आपल्या ओट्यावर परत यायची. त्या दिवसांत तिला त्याचं किती बळ मिळालं, ते आम्ही बघितलं आहे.

आणखी एक. लाईट सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्या, किडलेले दात काढायचे असतील तर तेव्हाच काढा. नंतर त्या जबड्यातला दात काढला तर जखम सहजी भरत नाही, हाड सडू शकतं.

४. पैशांचे दरवाजे या क्रमानं ठोठवा

पहिला दरवाजा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता आयुष्मान भारतबरोबर मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. पिवळं-केशरी कार्ड तर चालतंच, २०२४ च्या जुलैपासून पांढरं कार्डही चालतं. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, लाईट तिन्ही यात आहेत. दवाखान्यात शिरल्यावर बिलाच्या काउंटरवर जाऊ नका, आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाचं, टेबल शोधा. टेबल सापडलं नाही किंवा ‘योजनेत बसत नाही’ असं कुणी तोंडी सांगितलं, तर तिथंच उभं राहून योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन लावा. भरती असतानाची औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण आणि घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं पॅकेजमध्ये धरलेलं असतं. हे ठाऊक नसलं की माणूस बाहेरून इंजेक्शनं आणत बसतो.

घरात कुणाच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापली जात असेल, तर हा दरवाजा पहिल्याइतकाच मोठा आहे. कामगार स्वतः आजारी असेल तर कॅन्सरसाठी वाढीव आजारपण लाभ असतो, पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. कापलं जातंय हे कित्येकांना माहीतच नसतं. पगाराची चिठ्ठी काढून बघा. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असेल तर त्या मंडळाकडेही गंभीर आजाराची मदत असते.

योजनेत न बसणारा खर्च निघाला तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा ठेवाव्याच लागतात. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ही योजना घालून दिली. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या खर्चात. हे भीक मागणं नाही. ट्रस्ट म्हणून सवलती घेणाऱ्या रुग्णालयाचं ते कर्तव्य आहे. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि लेखी अर्ज द्या.

मग मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास, इंडियन कॅन्सर सोसायटी आणि इतर ट्रस्ट. या सगळ्यांना रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं खर्चाचं एस्टिमेट लागतं आणि मदत बहुधा थेट रुग्णालयाच्या नावानं येते. म्हणून एस्टिमेट पहिल्याच भेटीत मागा, शिक्का-सहीसकट, दोन-तीन मूळ प्रती. रुग्णालयातल्या सोशल वर्करताईंशी नीट बोला. कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करावा हे आपल्याला शोधून सापडत नाही, त्यांना तोंडपाठ असतं.

रेल्वेची सवलत बरेच जण सोडून देतात. उपचाराच्या प्रवासाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये कॅन्सरच्या रुग्णाला तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सूट. रुग्णालयाकडून फॉर्म भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवरच काढायचं. घरात दुसरं काही उत्पन्न उरलं नसेल तर संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचा रुग्णही बसतो. महिन्याला १,५०० रुपये फार नाहीत, पण दुधाचं बिल भागतं.

एवढं करूनही कमी पडलं तर दागिने विकण्यापेक्षा बँकेत तारण ठेवा. सावकाराच्या दारात जाऊ नका. जमीन विकायची वेळ आलीच, तर आधी डॉक्टरांना विचारा: ‘या उपचारानं काय होईल? बरं वाटेल, की आयुष्य किती वाढेल?’ हा प्रश्न विचारताना जीभ जड होते. पण तो न विचारता शेत विकलेली घरं मी पाहिली आहेत. माणूसही राहिला नाही आणि शेतही.

५. रुग्णापासून लपवू नका

आमच्याकडे ठरलं होतं, आत्याला ‘गाठ आहे’ एवढंच सांगायचं. सगळे दाराआड कुजबुजायचे, ती आत आली की टीव्हीबद्दल बोलायचे. चौथ्या दिवशी तिनंच मला चुलीपाशी बसवून विचारलं, ‘कॅन्सरच हाय न्हवं? मग त्वांड का लपवताय?’ तिला आजाराची भीती होतीच, पण तिच्यामुळे शेत जाईल याची जास्त होती. मग मी वही काढून तिला हिशोब दाखवला, योजनेतून किती, ट्रस्टकडून किती, आपले किती. त्या रात्री ती झोपली. पैशांचं ओझं रुग्ण मनात धरून बसतो आणि कित्येकदा त्यापायी उपचार सोडायला बघतो. हिशोब उघडा ठेवा.

६. मुंबईत राहायचं असेल तर

फूटपाथवर झोपण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून पत्र घ्या. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथं अगदी कमी पैशांत सोय होते. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून भरतीची तारीख कळताक्षणी नाव लावा.

७. घरी आणल्यावर

तोंडाच्या ऑपरेशननंतर काही दिवस नाकातून नळी असते. आम्ही नाचणीची आंबील, डाळीचं पाणी, दूध पातळ सुती कापडातून दोनदा गाळायचो. गुठळी अडकली की नळी बदलायला पुन्हा दवाखाना. रुग्णाला टेकून बसवायचं, सिरिंज खांद्याच्या उंचीवर धरायची, दट्ट्या दाबायचा नाही, आपोआप उतरू द्यायचं. शेवटी साधं पाणी सोडायचं आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता. आत्यानं माझं मनगट धरून सिरिंज वर उचलली.

केमो चालू असेल तर घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका आणि पॅरासिटामॉल देऊन दाबू नका. रात्री दोन वाजता असला तरी दवाखाना. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. या एका प्रसंगासाठी गाडीवाल्याचा नंबर आणि पाच हजार रुपये बाजूला काढून ठेवा, त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नका.

दुखणं सहन करायला लावू नका. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं म्हणजे आता सगळं संपलं, असा अर्थ नसतो. ते दुखण्याचं औषध आहे, वेळ लावून द्यायचं, दुखायची वाट बघत बसायचं नाही. त्यानं पोट साफ होत नाही, तेव्हा त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

८. घरातल्या इतरांची तोंडं बघा

तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट न सोसणं, यांतलं काहीही असेल तर मलम लावत बसू नका, तपासून घ्या. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, तेही बघा; जात नसतील तर तेही दाखवून घ्या. आम्ही त्या महिन्यात सगळे एकामागून एक आरशासमोर उभे राहिलो. आईची दोनच बोटं गेली. आता आत्याच्या तारखेला आईलाही सोबत नेतो, दोघींची नावं एकाच वहीत आहेत. मिश्रीची डबी आईनं स्वतःहून माझ्या हातात दिली.