मुक्काम छोट्या गावात, भटकंती मोठ्या शहरात: आधी परतीची गाडी बघा

'शहराबाहेरच्या शांत गावात राहा, दिवसा शहर बघा आणि पैसे वाचवा' हा सल्ला मी इतक्यांदा वाचलाय की आता चिडचिड होते. लिहिणारा खिडकीतून दिसणाऱ्या शेतांचं तोंडभर कौतुक करतो. रात्री साडेदहाला ओस स्टेशनावर उतरल्यावर मुक्कामापर्यंतचे पाच किलोमीटर कसे काढायचे, याबद्दल मात्र अवाक्षर नसतं. आणि अडतं नेमकं तिथेच.

पायरी १: जमाखर्च मांडा

तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर शहरातच राहा, पुढचं वाचूही नका. गावातली खोली स्वस्त असते हे खरं, पण खोलीचं भाडं एकदाच द्यायचं असतं आणि रोजचं तिकीट माणशी काढावं लागतं. एकट्यादुकट्याला परवडतं. चौघांचं कुटुंब असेल तर तिकिटांची बेरीज करून बघा, खोलीत वाचलेले पैसे बहुधा रेल्वेने नेलेले असतात. मी गावात राहते ती स्वस्ताईसाठी नाही, संध्याकाळी कानांना विसावा मिळतो म्हणून. त्यामुळे रोज शहरात जातच नाही. एक दिवस शहर, एक दिवस गाव. रोज पहाटे निघून रात्री परतायचं असेल तर ती शांतता फक्त झोपेतच मिळणार.

पायरी २: गाडी शहरात कुठे उतरवते ते बघून गाव निवडा

मोठ्या शहरांना एकच मुख्य स्थानक असेल असं धरून चालू नका. पॅरिसमध्ये दिशेप्रमाणे स्थानक बदलतं. शार्त्रहून आलात तर माँपारनासला उतरता, फाँतेनब्लोहून आलात तर गार द ल्योंला. लंडनमध्ये तर अशी डझनाहून जास्त स्थानकं आहेत. जे बघायचंय त्याच्या विरुद्ध टोकाला उतरलात तर मेट्रोत आणखी अर्धा तास जातो.

'शहरापासून फक्त ४० मिनिटं' या जाहिरातीतली मिनिटं निव्वळ गाडीतली असतात. तुम्ही खोलीच्या दारापासून शहरातल्या पहिल्या ठिकाणाच्या दारापर्यंत मोजा. माझी मर्यादा सव्वा तास. गाडी थेट हवी. जाताना एक बदल चालेल, येताना नको.

पायरी ३: परतीचं वेळापत्रक खालून वर वाचा

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवते, खोली बघण्याच्याही आधी. सुरुवातीच्या एका प्रवासात मी अगदी शहाण्यासारखी शेवटची गाडी बघून ठेवली होती. गाडी वेळेवर आली, मीही वेळेवर उतरले. स्टेशनाबाहेरून २२:५० ला गावात जाणारी बस होती, तीही मी पाहून ठेवली होती. पाहिला नव्हता तो त्या वेळेशेजारचा बारीक आकडा. पानाच्या तळाशी त्याचा अर्थ दिलेला होता: फक्त शुक्रवारी व शनिवारी. तो मंगळवार होता. पदपथ नसलेल्या रस्त्यावरून, समोरून गाडी आली की कडेच्या गवतात उभं राहत, मी पाच किलोमीटर चालत गेले. मोबाइलची बॅटरी नऊ टक्क्यांवर होती, म्हणून टॉर्चसुद्धा जपून लावत होते. तेव्हापासून मी वेळा नंतर वाचते, तळटीपा आधी.

तळटीपांमध्ये काय काय दडलेलं असतं ते सांगते. जर्मनी आणि फ्रान्सच्या ग्रामीण भागात कित्येक बस फक्त शाळेच्या दिवशी धावतात. तुम्ही सुट्टीत जाणार म्हणजे शाळेलाही सुट्टी असण्याची दाट शक्यता, आणि मग बसलाही सुट्टी. जर्मन वेळापत्रकातला 'वेर्कटाग्ज' म्हणजे सोमवार ते शुक्रवार असं वाटतं, पण त्यात शनिवार येतो. इटलीतला 'फेरियाले' हा शब्द सुट्टीचा वाटतो, प्रत्यक्षात तो कामाच्या दिवसांसाठी आहे, आणि त्यातही शनिवार धरतात. युरोपातल्या अनेक वेळापत्रकांत एकमेकांवर ठेवलेल्या दोन हातोड्यांचं चिन्ह दिसतं. ते कामाच्या दिवसांचं. कुणाला दुरुस्तीचं काम वाटतं, मलाही वाटलं होतं.

मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांचा घोळ वेगळाच. शनिवारी रात्री शहरातून ००:१४ ची गाडी पकडायची असेल तर ॲपमध्ये तारीख रविवारची टाकावी लागते. शनिवारची टाकलीत तर शुक्रवारच्या रात्रीची गाडी दिसते, आणि ती धावते म्हणून तुमचीही धावेल असं नाही. जपानमध्ये उलट रीत आहे. स्थानकावरच्या तक्त्यात मध्यरात्रीनंतरच्या गाड्या आदल्या दिवसाच्याच रकान्यात तळाशी छापतात. तुम्ही जिथे जाणार तिथली पद्धत पहिल्याच दिवशी समजून घ्या, रात्री फलाटावर उभं राहून नाही.

मग स्टेशन नेमकं कुठे आहे ते बघा. स्टेशनाला गावाचं नाव आहे म्हणून ते गावात असतंच असं नाही. रोमहून गाडीने सव्वा तासाच्या आसपास असलेलं ओर्व्हिएतो हे उत्तम उदाहरण. जुनं गाव उंच कड्यावर आणि स्टेशन पायथ्याशी. दोघांना जोडणारी दोरखेच रेल्वे आहे, पण ती मध्यरात्रीपर्यंत चालत नाही. फाँतेनब्लोचं स्टेशन शेजारच्या आवाँमध्ये आहे, राजवाड्याच्या परिसरात जायला पुढे बस धरावी लागते. ही गावं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मला दोन्ही आवडतात. पण तिथे राहायचं तर खोली स्टेशनाच्या बाजूला घ्यायची की वर गावात, हे शेवटच्या टप्प्याचं वाहन किती वाजता बंद होतं त्यावरून ठरवा, बाल्कनीतून दिसणाऱ्या देखाव्यावरून नाही.

आणखी एक सापळा म्हणजे वाटेत दुभंगणारी गाडी. ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स इथे काही गाड्यांचे पुढचे आणि मागचे डबे मधल्या एखाद्या स्थानकावर सुटे होऊन वेगवेगळ्या गावांना जातात. दिवसभर पाय मोडून आल्यावर दिसेल त्या डब्यात बसून डोळे मिटायची इच्छा होते. आधी डब्यावरची पाटी वाचा. ब्रिटनमधल्या छोट्या स्थानकांवर फलाट इतके आखूड असतात की काही डब्यांची दारं तिथे उघडतच नाहीत. तशी घोषणा होते, पण झोपलेल्याला ती ऐकू येत नाही.

शनिवार-रविवारी, विशेषतः ब्रिटनमध्ये, रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. अर्ध्या तासाच्या प्रवासाला सहज तास लागतो. आदल्या रात्री पुन्हा एकदा तपासा. महिन्यापूर्वी काढलेला स्क्रीनशॉट म्हणजे वेळापत्रक नव्हे.

एवढं सगळं पाहून झालं की माझा नियम लावा: शेवटच्या आधीची गाडी हीच तुमची शेवटची गाडी. खरी शेवटची गाडी राखीव ठेवायची. ती धरायचा बेत करणाऱ्यांना मी सरळ मूर्ख म्हणते, कारण ती रद्द झाली तर पुढे काहीच नसतं. या नियमाने शहरातला एखादा तास जातो. जाऊ द्या. आणि रात्री उशिरापर्यंतचं नाटक किंवा मैफल बघायचीच असेल तर ती एक रात्र शहरात खोली घ्या. दर वेळी पळत स्टेशन गाठण्यापेक्षा ते बरं.

टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. छोट्या गावात टॅक्सी 'असते' म्हणजे एका माणसाकडे असते, आणि तो माणूस रात्री झोपतो. लागणार असेल तर सकाळी निघतानाच त्याच्याशी बोलून वेळ पक्की करा. गाडीला उशीर झाला तर कळवायला त्याचा नंबर कागदावरही लिहून ठेवा.

पायरी ४: खोली घेण्याआधी यजमानांना नेमका प्रश्न विचारा

'स्टेशन जवळ आहे का?' याला सगळे 'हो' म्हणतात. 'टॅक्सी मिळते का?' यालाही 'हो'. मी असं विचारते: 'तुमचे पाहुणे मंगळवारी रात्री साडेदहाच्या गाडीने येतात तेव्हा खोलीपर्यंत कसे पोहोचतात?' वार आणि वेळ घातली की खरं उत्तर येतं. एका यजमानीणबाईंनी लिहिलं होतं, 'आमचे पाहुणे इतक्या उशिरा येत नाहीत.' मला हवं ते कळलं, मी दुसरीकडे खोली घेतली.

त्याच पत्रात किल्लीचंही विचारा. छोट्या निवासांचं स्वागतकक्ष संध्याकाळीच बंद होतं. दाराचा कोड असेल तर तोही कागदावर लिहून घ्या.

मुक्कामी पोहोचाल त्या संध्याकाळी, उजेड असतानाच, स्टेशन ते खोली हा रस्ता एकदा चालून या. दिवे कुठवर आहेत, पदपथ कुठे संपतो, कुत्रं कोणत्या फाटकाआड आहे, सगळं कळतं. याला पंधरावीस मिनिटं लागतात आणि हे न करण्याला कसलीही सबब नाही.

पायरी ५: तिकीट

सकाळी नोकरदारांच्या गर्दीत जाऊ नका, ती वेळ टळली की बहुतेक ठिकाणी तिकीटही स्वस्त होतं. मात्र स्वस्त तिकिटाच्या अटी परतीलाही लागू असू शकतात. ब्रिटनमधली काही तिकिटं संध्याकाळच्या गर्दीत लंडनहून निघणाऱ्या गाड्यांत चालत नाहीत. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं तिकीट, 'बायर्न-टिकेट', सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत चालतं, म्हणजे म्युनिकला जाऊन उशिरा परतणाऱ्याला सोयीचं. पण ते प्रादेशिक गाड्यांसाठी आहे, अतिवेगवान गाडीत ते घेऊन बसलात तर दंड भराल. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचं असतं.

स्वतःची किंवा भाड्याची मोटार असेल तर ती शहराच्या कडेच्या स्टेशनाजवळ सोडा आणि पुढे रेल्वेने जा. लंडनमध्ये २००३ पासून मध्यवर्ती भागात शिरायला शुल्क आहे, मिलानमध्ये २०१२ पासून. इटलीतल्या जुन्या शहरांत तर परवान्याशिवाय शिरलेल्या मोटारीचा कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचं पत्र तुम्ही घरी परतल्यावर येतं. वाहनतळाचं फाटक रात्री किती वाजता बंद होतं तेवढं वाचून घ्या.

पायरी ६: शहरातला दिवस

दोन ठिकाणं ठरवा, तिसरं जमलं तर. बंद असण्याचा वार बघा: पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से संग्रहालय आणि जवळचा व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. गावातून सव्वा तास येऊन बंद दाराचा फोटो काढणारे लोक मी पाहिलेत. पाठीवर एकच हलकी पिशवी, कारण दुपारी खोलीवर जाऊन सामान टाकता येत नाही. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक त्या पिशवीत असायलाच हवी, नऊ टक्क्यांची गोष्ट वर सांगितलीच आहे.

जेवण शहरातच उरका. छोट्या गावातली स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, दुकानं त्याहून लवकर, आणि जर्मनीसारख्या देशात रविवारी बहुतेक दुकानं उघडतच नाहीत. म्हणून परतीच्या गाडीआधी स्टेशनातल्या दुकानातून दुसऱ्या सकाळच्या न्याहारीचं सामान घ्या. ते घ्यायला दहा मिनिटं लागतात, ती गाडीच्या वेळेतून आधीच वजा करून ठेवा.