आईची मूठ, माझी वही

आईच्या पाककृती कॅलेंडरच्या पाठीवर, तेलकट चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या. मागच्या पावसाळ्यात छत गळलं अन् जेलपेनानं लिहिलेलं सगळं पसरलं. बॉलपेनचं तेवढं टिकलं. उरलेल्यांचे मोबाईलवर फोटो काढले, पण शोधताना पंचाईत. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात; आई लिहिते ‘सांबारवडी’, पुण्याची वहिनी शोधते ‘कोथिंबीर’! म्हणून प्रत्येक फोटोला दोन्ही नावं दिली. सरगुंडे, कुरड्या, पापड यांचा फोल्डर वेगळा. ही कामं वर्षातून एकदाच, प्रमाण हमखास विसरायला होतं.

खरा वेळ गेला तो ‘मूठभर’ मोजण्यात. आईनं मूठ भरायची, मी काट्यावर तोलायची. गोळाभाताच्या जाडसर बेसनाची तिची मूठ भरली ४० ग्रॅम, माझी ३०. वहीत तिचीच लिहिली, बॉलपेननं.