मॉडेल रेल्वे मागवताय? आधी वळणाचं विचारा

कोल्हापुरात बसून मॉडेल रेल्वे घ्यायची म्हणजे बहुतेक वेळा पार्सलच. म्हणून पैसे पाठवायच्या आधी दुकानदाराला फोन लावा आणि पहिलं हे विचारा: हा डबा कमीत कमी किती त्रिज्येच्या वळणावर चालतो? एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक माप, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ प्रमाण. आपल्या भारतीय रेल्वेचा साडेतेवीस मीटरचा एलएचबी (नव्या धाटणीचा प्रवासी) डबा त्यात जवळजवळ २७ सेंटिमीटरचा होतो, आणि स्टार्टर सेटच्या १८ इंच त्रिज्येच्या वळणावर रुळावरून उतरू शकतो. ज्याला याचं उत्तर तोंडपाठ आहे, तो दुकानदार नंतरही फोन उचलतो, असा माझा अनुभव. ‘सगळं चालतंय की ओ’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच बरं.

अमेरिकन सेट असेल तर ॲडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. इनपुट नुसतं १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३०च्या सॉकेटला लावू नका.

पार्सल उघडताना कुरिअरच्या लेबलापासून सलग व्हिडिओ काढा. कपलर (डबे जोडणारा हूक) आणि पँटोग्राफ (विजेच्या इंजिनाच्या टपावरचा दांडा) आधी बघा, मोडतं ते तिथंच. इंजिन दोन्ही दिशांना अगदी हळू चालवून बघा, तेही बदलून मिळायची मुदत संपायच्या आत. गणपती झाल्यावर बघू म्हणत खोकं माळ्यावर टाकू नका.